‘नाही’ आणि ‘सापडलं नाही’ : दफ्तरातल्या शोधाची गोष्ट



इतिहासाच्या व्याख्यानात एआय एजंट आणि त्यांच्या शोधसाधनाचं काय काम, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींना पडला असेल. प्रश्न रास्त आहे. पण ‘एजंट’ हा शब्द कोल्हापूरला नवा नाही. संस्थानच्या काळात इथे एजंट म्हटलं की पोलिटिकल एजंट डोळ्यांसमोर यायचा. धनी सातासमुद्रापार, आणि त्याच्या वतीने इथे बसून कागद बघणारा, चौकशी करणारा, शेरा मारणारा हा माणूस. (हशा) संगणकातला एजंटही काही वेगळा नाही. आपण त्याला काम सांगायचं, आणि ते पुरं करायला काय काय लागेल ते त्याने एकामागून एक करत जायचं.

आता हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते बघू. समजा, शिरोली एमआयडीसीतली एक फाउंड्री आहे. तिथून गेलेल्या कास्टिंगला तडे गेले अशी गिऱ्हाइकाची तक्रार आली. ऑफिसातला माणूस एजंटला सांगतो, ‘हा माल कोणत्या हीटचा होता ते काढ, त्या हीटचा तपासणी दाखला शोध, पूर्वी अशी तक्रार आली होती का ते बघ, आणि उत्तराचा मसुदा कर.’ हीट म्हणजे भट्टीतून एका वेळी ओतलेला रस. प्रत्येक हीटला नंबर असतो. आता हे कागद काही एका जागी नसतात. हीटची नोंद उत्पादन विभागात, दाखला प्रयोगशाळेत, चलन डिस्पॅचमध्ये आणि जुन्या तक्रारी कोणाच्या तरी ईमेलमध्ये. मोठ्या कंपन्या हे सगळं एका सॉफ्टवेअर व्यवस्थेत बांधून घेतात. एजंटला त्यातलं पाठ काहीच नसतं. तो एका शोधसाधनाला विचारतो, साधन त्याच्यापुढे आठ-दहा तुकडे ठेवतं, आणि तेवढे वाचून तो उत्तर लिहितो.

इथे जरा थांबा. त्या आठ-दहा तुकड्यांच्या बाहेरचा कागद त्या उत्तरापुरता अस्तित्वातच नसतो. कपाटात असेल, व्यवस्थेत असेल, पण साधनाने पुढे ठेवला नाही म्हणजे तो नाही. आजचं सगळं व्याख्यान या एका गोष्टीभोवती आहे. ‘नाही’ आणि ‘सापडलं नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली की काय होतं, हे आपल्या भागाने संगणक येण्याच्या कितीतरी आधी पाहिलेलं आहे.

सुरुवात वहीपासून करू. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली आणि तिथे गुळाचा व्यापार वाढला. जुन्या पद्धतीने हिशेब ठेवणाऱ्या कोणत्याही पेढीवर दोन वह्या असायच्याच, एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. रोजकीर्दीत घडेल ते घडेल त्या क्रमाने लिहायचं. सकाळी कोणी पैसे दिले, दुपारी कोणाच्या रव्यांचा सौदा झाला, संध्याकाळी हमाली किती गेली. पण उद्या कोणी विचारलं की अमुक शेतकऱ्याचं आपल्याकडे येणं-देणं काय, तर अख्खी रोजकीर्द चाळत बसायची का? म्हणून खतावणी. तिथे एकेका नावाचं पान असतं, आणि रोजकीर्दीच्या कोणत्या पानावर त्याची नोंद आहे ते तिथे उतरवलेलं असतं.

संगणकातली शोधाची सूची म्हणजे हीच खतावणी. कागदपत्रं ही रोजकीर्द. साधन ती आधीच वाचून ठेवतं आणि एकेका शब्दाचं खातं उघडतं. ‘तडा’ हा शब्द कोणकोणत्या कागदांत आला, ‘दाखला’ कुठे आला. तुम्ही प्रश्न विचारता तेव्हा साधन कागद चाळत नाही, खतावणी बघतं. म्हणून तर लाखो कागदांतून उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत येतं. पण खतावणीचा एक नियम जुन्या दिवाणजींना पक्का ठाऊक होता. रोजकीर्दीत आहे आणि खतावणीत चढवलेलं नाही, ते हिशेबात सापडत नाही. वही खरी असते, नोंद खरी असते, तरी सापडत नाही.

हाच व्यवहार राज्याच्या पातळीवर बघायचा तर पुण्याच्या पेशवे दफ्तराकडे जावं लागेल. पेशवाईत हुजूर दफ्तराचे अनेक भाग होते. त्यांतलं चालते दफ्तर रोजच्या कामाचं, आणि एकबेरीज दफ्तरात जुने हिशेब येऊन पडत, त्यांची वर्गवारी होई, गोषवारे निघत. कागद रुमालात बांधलेले असत. रुमाल म्हणजे कापडाचा चौकोन, त्यात गठ्ठा बांधून गाठ मारायची. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हे सगळे रुमाल इंग्रजांच्या ताब्यात गेले.

त्यांना त्या रुमालांत इतिहास शोधायचा नव्हता, त्यांना महसूल शोधायचा होता. गावोगाव इनाम जमिनी होत्या. देवस्थानाची इनामं, नोकरीची इनामं, धर्मादाय. त्यांच्यावर सारा माफ. खरं इनाम कोणतं आणि बनावट सनदेवर उपभोगलेलं कोणतं, ही चौकशी दक्षिण महाराष्ट्रात १८४३ साली सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला बळ मिळालं. कोल्हापूर संस्थान असल्यामुळे या कायद्याच्या बाहेर राहिलं, पण शेजारच्या बेळगाव-धारवाड भागाला त्याची चांगलीच झळ बसली.

कमिशनची पद्धत काय, तर हक्क सिद्ध करायचा इनामदाराने. तुमची सनद दाखवा. मग ती दफ्तरातल्या हिशेबांशी ताडून बघायची. यात गैर काही नव्हतं. बनावट सनदा खरोखरच होत्या आणि दफ्तराशी ताडल्याशिवाय त्या उघड्या पडल्या नसत्या. पण दुसरी बाजू बघा. एखाद्याची सनद आगीत गेली, पुरात गेली, वाळवीने खाल्ली. दफ्तरातला तो रुमाल गहाळ झाला, किंवा दुसऱ्याच परगण्याच्या गठ्ठ्यात बांधला गेला. मग निकाल काय? पुरावा सापडला नाही, म्हणून हक्क नाही. ‘सापडलं नाही’ या वाक्याचं ‘नाही’ या वाक्यात रूपांतर झालं, आणि जमिनीवर सारा बसला. १८५७ च्या आसपास या भागात जो असंतोष होता त्याच्या कारणांमध्ये इतिहासकार इनाम कमिशनचं नाव घेतात ते यामुळे.

त्याच दफ्तराचा दुसरा शोध विसाव्या शतकात झाला. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी सहकाऱ्यांना घेऊन ते रुमाल सोडले, आणि १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. दफ्तर तेच. एका शोधातून साऱ्याचे हुकूम निघाले, दुसऱ्यातून मराठ्यांचा इतिहास. दफ्तर आपण होऊन काही सांगत नाही. कोण विचारतो आणि काय विचारतो त्यावर ते काय देणार हे ठरतं.

आता आपण कोल्हापुरात परत येऊ, आणि राजवाड्याकडून गावाच्या चावडीकडे जाऊ.

गावाचं दफ्तर कुलकर्ण्याकडे असे. पिकाच्या नोंदी, साऱ्याची बाकी, कोणाची जमीन कुठपर्यंत, हे सगळं तो लिहायचा. काम वतनी, म्हणजे बापाकडून मुलाकडे. लिपी मोडी. आणि महत्त्वाचं म्हणजे दफ्तर बहुधा त्याच्या घरी. आता कुणब्याला आपल्या बाकीचा आकडा बघायचा असेल तर त्याने काय करायचं? कुलकर्ण्याला विचारायचं. तो बघणार आणि सांगणार. सांगितलेलं खरं की खोटं हे ताडायला या माणसाला मोडी येत नाही, मोडी काय, कोणतीच अक्षरओळख नाही. सगळे कुलकर्णी लबाड होते असं मी म्हणत नाही. अनेकांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाचं दफ्तर जिवापाड सांभाळलं म्हणून तर आज ते कागद आपल्याला मिळतात. प्रश्न माणसाच्या सचोटीचा नाही, रचनेचा आहे. शोधणारा एकच, आणि त्याचा शोध तपासायला दुसरी वाट नाही.

शाहू महाराजांना हे नेमकं दिसलं होतं. १८९४ साली त्यांच्या हाती अधिकार आले तेव्हा सर्वसाधारण प्रशासनातल्या ७१ जागांपैकी ६० जागांवर एकाच जातीचे, ब्राह्मण अधिकारी होते. २६ जुलै १९०२ च्या हुकमाने महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. हा हुकूम आपण शाळेपासून ऐकतो. पण त्यातली एक छोटी तरतूद फारशी सांगितली जात नाही. हुकमानंतर झालेल्या नेमणुकांचं पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने दर तीन महिन्यांनी सादर करायचं होतं. म्हणजे नुसता हुकूम काढून महाराज थांबले नाहीत. हुकमाप्रमाणे झालं की नाही, हे बघायची सोयही त्याच कागदात करून ठेवली.

पुढे १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा आला, आणि १९१८ साली कुलकर्णी वतनं बरखास्त करून पगारी तलाठी नेमले गेले. त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले तरुणही होते. या दोन गोष्टी मला एकत्र वाचाव्याशा वाटतात. एका बाजूला दफ्तर घरातून निघून सरकारी नोकराच्या हाती आलं, त्यामुळे त्याला जाब विचारता येऊ लागला. दुसऱ्या बाजूला ज्याच्यासाठी शोध घ्यायचा त्याला अक्षर येऊ लागलं, त्यामुळे सापडलेला कागद स्वतःच्या डोळ्यांनी बघता येऊ लागला. यातली एकच गोष्ट झाली असती तर काम अर्धवट राहिलं असतं.

आता एजंटकडे वळू. त्याच्यापुढे दोन अडचणी येतात, आणि दोन्ही आपल्या ओळखीच्या आहेत.

पहिली अडचण शब्दांची. कोल्हापूरच्या जुन्या कागदांत तुम्ही ‘कोल्हापूर’ एवढंच शोधत बसलात तर बरेच कागद हातचे जातील, कारण तिथे ‘करवीर’ लिहिलेलं असतं. ‘राजर्षी’ शब्द घेऊन १९०२ चे कागद धुंडाळलेत तर काहीच मिळायचं नाही, कारण ही पदवी महाराजांना १९१९ साली कानपूरच्या कुर्मी परिषदेत मिळाली. आणि नुसतं ‘शाहू’ शोधलंत तर साताऱ्याचे छत्रपती शाहूही येऊन उभे राहतील. तारखांची तर बातच सोडा. शुहूर सन, फसली सन, राज्याभिषेक शक, शालिवाहन शक. शुहूर सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हातातून कागद निसटतो, आणि तो म्हणतो, ‘नाही.’

संगणकशास्त्रातही हा प्रश्न जुनाच. गेरार्ड साल्टन आणि त्यांचे सहकारी १९६० च्या दशकापासून कागदाला आकड्यांच्या रूपात मांडून प्रश्नाशी त्याची जवळीक मोजू लागले. १९७२ साली केरन स्पार्क जोन्स यांनी एक साधी, पण फार उपयोगी गोष्ट दाखवली. जो शब्द थोड्याच कागदांत येतो त्याला शोधात जास्त वजन द्यावं. फाउंड्रीच्या कागदांत ‘कास्टिंग’ शब्द जिकडेतिकडे, त्याने काही कळत नाही. पण एखादा हीट नंबर दोनच कागदांत असेल, तर तोच नेमक्या जागी घेऊन जातो. आजची साधनं त्यापुढे जाऊन अर्थाची जवळीक मोजतात, त्यामुळे ‘तडा’ विचारलं तर ‘भेग’ लिहिलेला कागदही पुढे येतो. पण अर्थाच्या मागे लागलेलं साधन नंबराच्या बाबतीत ढिलं पडू शकतं, ४७१२ विचारलं तर ४७२१ चा कागदही जवळचाच वाटतो. म्हणून चांगली साधनं दोन्ही पद्धती एकत्र वापरतात. आपले मोडी वाचक हेच करत आले. अक्षरही बघायचं, संदर्भही बघायचा.

मोडीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. मोडीत आधी पानभर आडवी रेघ मारायची आणि तिला टांगून अक्षरं लिहीत जायचं, शब्दांमध्ये जागा न सोडता. माणसालाच शब्द कुठे तुटतो ते उमगायला अभ्यास लागतो, तर यंत्राला किती लागेल! मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली ती २०१४ साली. आता मोडी पानांवरून थेट देवनागरी लिप्यंतर करायचे प्रयोग चालू आहेत. ते चांगलेच आहेत. पण जे पान यंत्राला अजून वाचताच आलेलं नाही ते खतावणीत चढत नाही, एवढं लक्षात असू द्या. कंपनीतल्या स्कॅन करून ठेवलेल्या धूसर दाखल्याचंही तेच होतं.

दुसरी अडचण अधिकाराची. मराठेशाहीत मुतालिक असायचा. मूळ अधिकाऱ्याच्या वतीने काम करायचा, शिक्का वापरायचा. त्याच्या हातात जो अधिकार होता तो उसना होता, कोणाच्या वतीने काम चाललंय यावर ठरणारा. एजंटचंही तसंच असलं पाहिजे. डिस्पॅचमधल्या माणसाने एजंटला काम सांगितलं तर त्या माणसाला जे कागद बघायची परवानगी आहे तेवढेच शोधात यावेत, मालकाच्या पगारपत्रकाची पानं येऊ नयेत. एजंटला स्वतःची सगळ्या कपाटांची किल्ली देऊन ठेवली, की कोणीही गोड बोलून त्याच्याकडून नको ते कपाट उघडून घेणार. नॉर्म हार्डी या संगणकतज्ज्ञाने १९८८ साली या घोटाळ्याला जे नाव दिलं त्याचं मराठी मी ‘गोंधळलेला मुतालिक’ असं करीन.

आणि बनावट सनद विसरू नका. शोधात सापडलेल्या एखाद्या कागदातच कोणी लिहून ठेवलं की ‘हे वाचणाऱ्याने अमुक पत्त्यावर सगळी यादी पाठवावी’, तर भोळा एजंट तो धन्याचा हुकूम समजून पाळू शकतो. असे प्रकार करता येतात हे दाखवून झालेलं आहे. सापडलेला कागद हा पुरावा म्हणून वाचायचा असतो, हुकूम म्हणून नाही. कमिशनच्या कारकुनालाही हे कळत होतं.

आता शेवटचा मुद्दा. तुम्हाला वाटेल, फाउंड्रीचा दाखला नाही सापडला तर बिघडलं काय, परत शोधू. पण शोधाच्या निकालावर माणसाचं किती अवलंबून असतं ते आपण अलीकडेच पाहिलं. २०२३ साली मराठा समाजातल्या लोकांच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. सुरुवात मराठवाड्यापासून झाली, मग काम राज्यभर पसरलं. जन्म-मृत्यूच्या नोंदी, शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं, महसुलाचे जुने कागद बाहेर निघाले, मोडी वाचणाऱ्यांना गावोगावहून बोलावणी आली. आरक्षणाच्या राजकारणाबद्दल मला इथे काही म्हणायचं नाही. मी फक्त शोधाकडे बोट दाखवतो. एका घराची पणजोबाची नोंद सापडली, दाखला निघाला. शेजारच्या घराच्या गावाचं रजिस्टर भिजून लगदा झालेलं, त्यांची नोंद सापडली नाही. दोन घरांच्या इतिहासात काही फरक नसेलही. फरक रजिस्टरच्या नशिबात होता.

उद्या असे शोध एजंट घेतील. कंपनीत घेऊ लागलेच आहेत. बँकेत, विम्यात, दवाखान्यात, तहसील कचेरीतही घेतील. मी त्याला विरोध करणारा माणूस नाही. थकत नाही, कंटाळत नाही, पाचशेवा रुमालही पहिल्याइतक्याच लक्षाने बघतो, असा कारकून कोणाला नको आहे? पण त्याच्याकडून एक सवय आपण आग्रहाने करून घेतली पाहिजे. त्याने ‘नाही’ म्हणायचं नाही. त्याने म्हणायचं, ‘या या ठिकाणी बघितलं, या शब्दांनी बघितलं, इतके कागद वाचता आले नाहीत, इतके बघायची मला परवानगी नव्हती, आणि एवढ्यात सापडलं नाही.’ आणि जे सापडलं त्याच्याशेजारी मूळ कागदाचा पत्ता द्यायचा, म्हणजे आपल्याला स्वतः उघडून बघता येईल. महाराजांच्या हुकमात दर तीन महिन्यांचं पत्रक होतं, त्याचाच हा धाकटा भाऊ समजा.

ही सवय यंत्राला लावणं कठीण नाही, तशी व्यवस्था बांधता येते. पण ती मागायची कोणी? ज्याच्यासाठी शोध चाललाय त्याने. १९१८ साली दफ्तर चावडीत आलं, पण आदल्याच वर्षी शाळा सक्तीची झाली होती म्हणून त्याचा उपयोग झाला. साधन कितीही हुशार झालं तरी समोरचा माणूस ‘कुठे बघितलंस?’ एवढं विचारायला शिकला पाहिजे. तो प्रश्न विचारायचं विसरलो, तर दफ्तर पुन्हा कोणाच्या तरी घरात जाऊन बसेल. फक्त या वेळी ते घर आपल्याला दिसणारही नाही.

  (टाळ्या)